पावाची गाडी, बटाट्याचं इंजिन

बटाट्याच्या शेतात पाणी उपसणारं इंजिन पावाच्या गाडीत बसवू नये, असा कायदा टास्मानियात नाही. मी शोधला. नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदणीच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षं काढली आहेत आणि नियम वाचणं हा माझा एकमेव छंद आहे. नियम सापडला नाही, तेव्हा मला वाटलं की याचा अर्थ परवानगी आहे. ज्या माणसाच्या नशिबात पुढे मानहानीच लिहिलेली असते, त्यालाच असं वाटतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची, क्लॅरी ट्रेवेनांची. अठ्ठावन्न सालची मॉरिसची छोटी व्हॅन, सायीच्या रंगाची, दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत 'ट्रेवेना, ताजा पाव'. पन्नास वर्षं त्यांनी या गाडीतून मर्टल क्रीक गावाला पाव घातला. चौदा वर्षांपूर्वी बेकरी बंद केली तेव्हा गाडी माझ्या परसातल्या शेडमध्ये आणून लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "दर रविवारी दहा मिनिटं चालू करायची. एवढं तरी जमेल ना तुला?"

त्या 'एवढं तरी' मध्ये त्यांचं माझ्याबद्दलचं सगळं मत आलं. त्यांना जावई हवा होता तो हाताने काही करणारा. सुतार चालला असता, मच्छीमार चालला असता. मिळाला तो कुत्र्यांचा कारकून. लग्नात त्यांनी माझ्याशी हात मिळवला नव्हता. हाताला पीठ लागलंय म्हणाले. लग्न दुपारी तीनला होतं.

पहिल्या रविवारी पाऊस होता. दुसऱ्या रविवारी क्रिकेट होतं. तिसऱ्या रविवारपर्यंत मी गाडीवर ताडपत्री टाकून मोकळा झालो होतो. पण दर रविवारी दुपारी क्लॅरी आमच्याकडे जेवायला यायचे, भाजलेल्या मटणाचे काप करता करता माझ्याकडे न बघता विचारायचे, "चालते ना?" आणि मी म्हणायचो, "घड्याळासारखी." पहिल्यांदा हे म्हणताना कान गरम झाले. दहाव्यांदा काहीच झालं नाही. सातशे रविवार झाल्यावर तर माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

यंदा फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं की क्लॅरींचं हृदय थकलंय, हिवाळा, म्हणजे आमच्याकडचे जून ते ऑगस्ट, काढतील असं वाटत नाही. ते तेव्हा टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होते, वय एक्क्याण्णव. माझी बायको ग्लेनिस त्यांच्या खाटेशी बसून विचारत होती, बाबा, काही हवंय का, कुणाला भेटायचंय का. क्लॅरींनी बराच विचार केला.

"एकदा माझ्या गाडीतून स्टेशन स्ट्रीटने जायचंय," ते म्हणाले. "पावाच्या फेरीला जायचो तसं. बस, बाकी काही नाही."

ग्लेनिस घरी आली ती रडत आणि हसत. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "बरं झालं लिंडसे, तू गाडी चालू ठेवलीस!" तिच्या खांद्यावरून मला खिडकीतून शेड दिसत होती. मी आयुष्यात इतका दुःखी कधीच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेल्यावर मी ताडपत्री काढली. आत उंदरांनी तीन पिढ्या वाढवल्या होत्या. नवी बॅटरी लावली, किल्ली फिरवली. काही नाही. पुढून लोखंडी हँडल घालून हाताने फिरवायला गेलो, तर हँडल एका रेषेनेही हललं नाही. माझी पाठ मात्र हलली, ती अजून जागेवर आलेली नाही.

"जाम झालंय," कुंपणावरून आवाज आला. शेजारचा बेव्हन. हा बटाट्याचा निवृत्त शेतकरी. शेत मुलाकडे गेलंय, याच्याकडे फक्त मतं उरली आहेत. "इंजिन चिकटून बसलंय गड्या. किती वर्षं चालू केलं नाहीस?"

"अधूनमधून करायचो."

"अधूनमधून म्हणजे कधीच नाही," बेव्हन म्हणाला आणि कुंपण ओलांडून आत आला.

पुढच्या आठवड्यात आमच्या रस्त्यावरचे सगळे सल्ले देऊन गेले. एक म्हणाला, सिलिंडरमध्ये डिझेल ओत आणि आठ दिवस थांब. दुसरा म्हणाला, डिझेल नको, कोला ओत. समोरच्या बाईंनी त्यांच्या मिस्टरांचा गुडघा कोणत्या मलमाने सुटला ते सांगितलं. मी सगळं केलं, मलम सोडून. इंजिन ढिम्म. प्रत्येकजण शेवटी एकच म्हणायचा, "उघडून बघ ना आत काय झालंय." ते मात्र मी करू दिलं नाही. आत माझी चौदा वर्षं गंजून पडली होती, ती चारचौघांत कशाला उघडायची? शेवटी मी ते इंजिन काढून घेतलं, जुन्या रजईत गुंडाळलं आणि स्वतः भंगारवाल्याकडे नेऊन दिलं. तो म्हणाला, "कोण गेलं?" मला हसू आलं नाही.

त्यात ग्लेनिसला कळलंच. रजई तिच्या आईची होती.

"एकदाही नाही?" तिने विचारलं. "सातशे रविवार, लिंडसे? माझ्या बाबांच्या तोंडावर?"

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, चौथ्या दिवशी बोलली ते एवढंच, "बाबांना हे कळलं तर मी तुला माफ करणार नाही. त्यांना त्यांची गाडी मिळाली पाहिजे. कशी ते तू बघ." मग तिने माझ्यापुढे चहा ठेवला. साखर नव्हती.

इथे बेव्हन पुन्हा कुंपणावर आला. त्याच्या जुन्या शेतात पंपाला जोडलेलं एक छोटं डिझेल इंजिन पडून होतं, तीन सिलिंडरचं. "मरत नाही ते," तो म्हणाला. "पुरात तीन दिवस पाण्याखाली होतं. बाहेर काढलं, एकदा शिंकलं, चालू झालं." मी म्हटलं, पण पंपाचं इंजिन गाडीत? बेव्हन म्हणाला, इंजिनाला काय कळतंय आपण कशात बसलोय ते.

बसवायचं काम आमच्या मेन्स शेडने घेतलं. निवृत्त पुरुष दिवसभर घरात राहिले तर बायकांच्या तब्येती बिघडतात, म्हणून ऑस्ट्रेलियात प्रत्येक गावात एक मोठी पत्र्याची शेड बांधून त्यांना तिथे ठेवतात. तिथे लेथ असते, वेल्डिंग असतं, चहाची किटली असते आणि या सगळ्यावर एक कार्यकारिणी असते. आमचा अध्यक्ष केल्विन डोबी. हा आयुष्यभर दूध तपासत हिंडला आणि आता शेडमध्ये कुणीही ठरावाशिवाय खिळा ठोकला तर त्याला झोप लागत नाही.

गाडीसाठी पाच बैठका झाल्या. चौथी बैठक घातक. इंजिनाचं तेलाचं पोट गाडीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर आपटत होतं, काही केल्या बसत नव्हतं. बेव्हनने सुचवलं की इंजिन तोंड फिरवून उलटं बसवावं; नाहीतरी पंप दुसऱ्याच टोकाला होता, गिअरबॉक्स तिकडून जोडू. केल्विनने ते लिहून घेतलं. "सूचक बेव्हन, अनुमोदक?" कुणीतरी हात वर केला. "मतास टाकतो."

तेवढ्यात मागून योप उभा राहिला. हा डच. साठ साली बोटीने आला, बोटीवरच इंजिनिअर होता, बोलतो कमी. "मला काही सांगायचं आहे," तो म्हणाला.

"योप, ठराव मताला टाकलेला आहे," केल्विन म्हणाला. "आता चर्चा नाही. आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

योप खाली बसला. ठराव सात विरुद्ध एक असा मंजूर झाला. आयत्या वेळचे विषय यायच्या आधी कुणाच्या तरी बायकोने गरम स्कोन, म्हणजे लोण्याचे छोटे पाव, पाठवले आणि सभा विसर्जित झाली. योपनेही दोन खाल्ले. आमच्याकडे सभा संपल्यावर पुन्हा विषय काढणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं आहे; शहाणा माणूस गप्प राहतो आणि पुढच्या महिन्याची वाट बघतो.

दरम्यान मी गाडीच्या नोंदणीला गेलो. आयुष्यभर मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरून खिडकी किती उंच असते ते मला माहीत नव्हतं. आतल्या मुलीने अर्ज वाचला.

"नवीन इंजिन आधी कोणत्या गाडीत होतं?"

"गाडीत नव्हतं. पंपाला होतं."

"म्हणजे वाहनाचा प्रकार काय लिहू?"

"वाहन नव्हतंच. एका जागी उभं होतं. बटाट्यांत."

"हा रकाना मोकळा ठेवता येत नाही काका," ती म्हणाली. मला ते माहीत होतं. हेच वाक्य मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं, एका बाईला तर तिच्या कुत्र्याचा बाप कोण या रकान्यासाठी तीनदा परत पाठवलं होतं. ती आता कुठे असेल कोण जाणे, पण त्या दिवशी तिला शांती मिळाली असेल. शेवटी कळलं की प्रमाणित इंजिनिअरचा दाखला लागेल, तो इंजिनिअर बेटाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि त्याची पुढची तारीख ऑगस्टची आहे. जुन्या गाड्यांच्या मंडळामार्फत नोंदणी होते म्हणून तिकडे गेलो, तर त्यांचा सचिव गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, कमरेच्या वर ही पुरातन आहे, कमरेच्या खाली शेतीचं अवजार आहे, आम्ही घेणार नाही. ऑगस्टमध्ये क्लॅरी नसणार होते. हे मला खिडकीवर सांगताही येईना.

मार्ग ग्लेनिसने काढला. ईस्टरच्या शनिवारी स्टेशन स्ट्रीट बंद करून गावाची मिरवणूक निघते. त्यात ट्रॅक्टर येतात, गवत कापायची यंत्रं येतात, एकदा चाकं लावलेला बाथटब आला होता. मिरवणुकीत नोंदणी कुणी विचारत नाही; माणसाच्या चालीने जायचं, एवढीच अट. एप्रिल म्हणजे तीन आठवडे होते.

मिरवणुकीच्या नऊ दिवस आधी आम्ही इंजिन चालू केलं. काय आवाज! पावाच्या गाडीतून नव्हे, खडी फोडणाऱ्या कारखान्यातून यावा असा. धूर गेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला, मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली.

नुसती मागे नाही गेली. शेडच्या सभासदांनी अनाथ मुलांसाठी रंगवून वाळत ठेवलेले अकरा लाकडी घोडे घेऊन मागे गेली आणि चहाच्या टेबलापाशी थांबली. मी घाबरून दुसरा गिअर टाकला. तोही मागे. किटली गेली. मग भीत भीत मागे जाण्याचा गिअर टाकला, तर गाडी कण्हत कण्हत गोगलगायीसारखी पुढे आली. चार गिअर मागे, एक पुढे.

"गोल फिरणारी वस्तू दुसऱ्या टोकाने बघितली की उलटी फिरते," योप शांतपणे म्हणाला. "हे मला आयत्या वेळच्या विषयांत सांगायचं होतं."

"मग बोलायचं नाही का रे!" बेव्हन ओरडला.

"ठराव मंजूर झाला होता," योप म्हणाला, आणि केल्विनने मान डोलावली. नियमानुसार त्याचं बरोबर होतं.

सुधारायला मागचा सगळा आस उलटा बसवायला हवा होता, त्याला सहा आठवडे. वृद्धाश्रमातून रोज येणाऱ्या बातम्या मात्र चांगल्या नव्हत्या. क्लॅरींना बसल्या बसल्या धाप लागायची. तेव्हा ठरलं की तो एकच पुढचा गिअर वापरायचा. नाहीतरी मिरवणूक गोगलगायीसारखीच चालते.

शनिवारी गार वारा आणि रिमझिम होती. क्लॅरींची चाकाची खुर्ची पुढे मावेना, म्हणून ती मागे, जिथे पावाचे ट्रे असायचे तिथे दोऱ्यांनी बांधली, मागचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवले. त्यांनी पांढरा बेकरीचा कोट मागून घेतला होता. तो आता त्यांच्या अंगावर दोघांना पुरला असता. गाडी बघून काहीच म्हणाले नाहीत. इंजिन चालू झालं तेव्हा त्यांनी फक्त मान किंचित कलती केली. ग्लेनिस माझ्याकडे बघत होती. मी रस्त्याकडे बघितलं.

साठ पावलं गेलो. मग गिअरबॉक्समधून हाड मोडल्यासारखा आवाज आला आणि पुढे जायचा एकुलता एक गिअर संपला. मागे गावाचा बँड, त्याच्या मागे सतरा ट्रॅक्टर. मिरवणूक सांभाळणाऱ्या, पिवळ्या जाकिटातल्या बाई धावत आल्या. "बाजूला घ्या! गाडी बाजूला घ्या!"

"ती फक्त मागे जाते," मी म्हटलं.

"मग मागे घ्या!"

"मागे तुमचा बँड आहे."

तेवढ्यात व्हॅनच्या आतून क्लॅरी ओरडले. त्या छातीतून एवढा आवाज निघेल असं डॉक्टरांना वाटलं नसतं. "अरे, तिचं तोंड फिरवा ना! मूर्ख कुठले! मागे जाते तर मागे जाऊ दे!" बेव्हन, योप, केल्विन आणि बँडमधला ढोलवाला यांनी गाडी ढकलून जागच्या जागी फिरवली. ठराव न करता. आता क्लॅरी सगळ्यांच्या पुढे होते, उघड्या दारात, तोंड रस्त्याकडे, आणि मी मागे मान वळवून त्यांच्या डोक्याच्या पांढऱ्या केसांवरून रस्ता बघत गाडी मागे चालवत होतो. ते हाताने दाखवायचे, थोडं डावीकडे, आता सरळ. लोकांना वाटलं, मुद्दामच असं केलंय. टाळ्या पडल्या. क्लॅरी प्रत्येक घरासमोर काहीतरी पुटपुटत होते. दोन पांढरे, एक कापलेला, इथे बुधवारी नाही. बहुतेक घरांत आता दुसरी माणसं राहतात.

बेकरी होती तिथे आता कपडे धुण्याचं दुकान आहे. त्याच्यासमोर मिरवणूक थांबली, काहीतरी भाषण होतं. क्लॅरी म्हणाले, "बंद कर जरा ते." मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"हे माझं इंजिन नाही," ते म्हणाले. मान वळवली नाही.

मी म्हटलं, "क्लॅरी, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"तू गप्प बस. मला सांगायचंय." ते श्वास घ्यायला थांबले. "ते इंजिन मी जाळलं. शेवटच्या हिवाळ्यात. तेल संपल्याचा दिवा लागला होता, दिसला मला. हॉस्पिटलचे सहा ट्रे राहिले होते. म्हटलं फेरी पुरी करू, मग बघू. चढावर गेलं. पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलो, यंत्राला जपा म्हणून. ग्लेनिसला कोणत्या तोंडाने सांगणार? तुझ्याकडे आणली ती इंजिन बंद ठेवून, उतारावरून. तुला किल्ली दिली. वाटलं, पहिल्याच रविवारी हा बोंबलत येईल, म्हातारा फसवून गेला म्हणेल."

माझा हात किल्लीवरच राहिला.

"आणि तू आलास आणि म्हणालास, घड्याळासारखी चालते. आधी वाटलं, खोटारडा आहे. मग दुसरा रविवार, तिसरा. चौदा वर्षं! माझ्या मुलीला नाही सांगितलंस, गावात कुणाला नाही. माझी लाज राखलीस. मी तुला काय काय म्हणालोय लिंडसे, ते सगळं मी परत घेतो." मग त्यांनी विचारलं, "पहिल्याच रविवारी कळलं ना तुला?"

समोर कुणाचं तरी भाषण चाललं होतं, पाऊस पत्र्यावर वाजत होता. मला खरं सांगायचं होतं. चौदा वर्षांत मी किल्लीला हात लावला नव्हता, मला काहीच कळलं नव्हतं, मी फक्त आळशी होतो. त्यांच्या त्या मोठ्या कोटातल्या पाठीकडे बघत मी म्हटलं, "हो. पहिल्याच रविवारी."

"वाटलंच मला," क्लॅरी म्हणाले, आणि खांद्यावरून हात मागे केला. मी तो घेतला. मला त्याचा काही अधिकार नव्हता, आणि सोडवतही नव्हता. मग मिरवणूक हलली.

क्लॅरी जूनमध्ये गेले. दफनानंतर मेन्स शेडमध्येच चहा होता. कुणीतरी, बहुतेक केल्विन, त्या दिवसाची आठवण काढून हसत म्हणाला, "पण गाडीचं मूळ इंजिन गेलं कसं, ते कुणी सांगितलंच नाही." ग्लेनिस रडून रडून थकली होती. तिने कप खाली ठेवला. "याने घालवलं," ती म्हणाली. "बाबांनी जीव लावलेली गाडी. चौदा वर्षं याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. मी सँडविचची बशी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "खरं आहे. माझ्यामुळेच गेलं ते."